झोप : चांगली

माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मलाच उभं करायचे. माहेरी मुरब्यात कुणाकडे लग्न निघालं की पत्रिकांवर नावं घालायला माझ्याकडे गठ्ठा यायचा. बोईसरच्या ज्या लॅबमध्ये मी गेली चौदा वर्षं ईसीजी काढते, तिथल्या मालकांनीही पहिल्याच आठवड्यात माझं अक्षर हेरलं. "फॉर्म तुम्हीच भरत जा," ते म्हणाले. मला किती बरं वाटलं होतं! त्या बरं वाटण्याची आता मला शिसारी येते.

आमची लॅब दोन खोल्यांची. रोजचे पेशंट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. खरं काम कारखान्यांचं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामगारांची वर्षातून एकदा तपासणी करून तिचे कागद फाइलला लावावे लागतात. आम्ही सकाळी गाडीत यंत्रं टाकून जातो, कँटीनची टेबलं बाजूला सारून पडदे बांधतो आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत ऐंशी-नव्वद माणसं उरकतो. उरकतो हाच शब्द आम्ही वापरतो. एक मुलगी वजन आणि रक्तदाब घेते, दुसरी रक्त काढते, आणि पडद्याआड एका खाटेवर मी ईसीजी काढते. फॉर्मही माझ्याच टेबलावर असतात.

त्या फॉर्मवर वीसेक प्रश्न आहेत. डोळे, कान, कातडी, खोकला. सगळ्यात खाली तीन प्रश्न आहेत : झोप कशी लागते? छातीत धडधड होते का? कसली चिंता किंवा भीती वाटते का?

आता एका माणसाचा शर्ट काढायचा, छातीला जेल लावायची, हातापायांना चिमटे, छातीवर सहा रबरी फुगे, यंत्रातून ठोक्यांची कागदी पट्टी काढायची, पुसायला कापूस द्यायचा आणि "पुढे या दादा" म्हणायचं. यात प्रश्न विचारणार कधी? माझ्या आधी हे काम करणाऱ्या बाईंनी मला पहिल्याच शिबिराआधी युक्ती शिकवली. कंपनीकडून नावांची यादी आदल्या दिवशी येते. फॉर्म घरी न्यायचे आणि उत्तरं आधीच लिहून टाकायची. खालच्या तीन प्रश्नांना ठरलेली उत्तरं. झोप : चांगली. धडधड : नाही. चिंता : नाही. दुसऱ्या दिवशी माणूस आला की त्यानं फक्त सही करायची.

यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. कारखान्यांना स्वच्छ, ठणठणीत कागद हवा असायचा, मालकांना पुढच्या वर्षीचं काम हवं असायचं आणि कामगारांना लवकर सुटायचं असायचं. मी तर सुवाच्य लिहीत होते.

माझा नवरा घिवलीचा. तिथली वाडी त्याचा भाऊ बघतो आणि हा अठरा वर्षं इथल्या एका रसायनाच्या कारखान्यात ऑपरेटर आहे. आठवड्याला पाळी बदलते. एक आठवडा पहिली, एक आठवडा दुसरी, एक आठवडा रातपाळी. शरीराला एका वेळेची सवय लागते न लागते तोच ती वेळ बदलते. तरुणपणी त्यानं हे हसत काढलं. उभ्या उभ्या झोपेन म्हणायचा. चाळिशी ओलांडल्यावर हसणं कमी झालं.

आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो आणि खाली पिठाची गिरणी आहे. रातपाळीहून हा पावणेआठला येतो, आंघोळ करतो, दोन भाकऱ्या खातो, नऊला आडवा होतो. नऊला गिरणी सुरू होते. जमीन थरथरते, मांडणीतल्या वाट्या किणकिणतात. गिरणीवाल्याशी भांडून काही उपयोग नाही, तो बिचारा दुपारी दोन तास आमच्यासाठीच बंद ठेवतो. उजेड येऊ नये म्हणून आम्ही खिडकीला आमच्याच लॅबच्या आरोग्य शिबिराचा जुना फ्लेक्स ठोकला होता. त्याची पांढरी बाजू रस्त्याकडे आणि छापील बाजू आत. छापील बाजूला एक मोठं तांबडं हृदय होतं, त्याला हात-पाय होते आणि ते हसत होतं. नवरा त्याच्याकडे तोंड करून झोपायचा प्रयत्न करायचा.

आणि बाहेरच्या खोलीत मी जेवणाच्या टेबलावर बसून फॉर्म भरायची. आत पलंग करकरायचा. हा या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचा, उठून पाणी प्यायचा, परत पडायचा. मी लिहीत असायची. झोप : चांगली. झोप : चांगली. झोप : चांगली. पेनाचा आवाज होऊ नये म्हणून मी खाली जाड वही घ्यायची. इतकी मी नवऱ्याच्या झोपेची काळजी घेत होते!

एकदा माझी आई मुरब्याहून सुके बोंबील घेऊन दुपारी आली. चप्पल दाराबाहेर काढून पाय न वाजवता आत आली, दाराच्या फटीतून जावयाकडे बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तो निजलेला नाय हाय. डोळे मिटून पडलाय. तुला कलत नाय?"

कळत होतं. पण रोज दिसणारी गोष्ट माणूस बघत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी दुपारी जेवायला घरी आले तर हा पलंगावर बसलेला होता. दोन बोटं मनगटावर, नजर भिंतीवरच्या घड्याळावर.

"काय रे, काय झालं?"

"छातीत उडतंय. मगापासून. टोपलीत जिता मासा उडतो ना, तसं."

"दुखतंय का? घाम? हाताला मुंग्या?"

"नाय. निसतं उडतंय. मधेच एक ठोका चुकतो, मग धाडकन मोठा पडतो. उशीवर कान ठेवला की कानात ऐकू येतं. मग झोप कशी येल?"

मी त्याला विचारलं, चहा किती झाले? सहा. तंबाखू? होती. मी म्हटलं, बघ, मग होणारच. त्या रविवारी त्याला लॅबमध्ये नेऊन आडवं केलं आणि पट्टी काढली. पट्टी अगदी नियमित, सुरेख. "नॉर्मल आहे," मी म्हटलं. माझ्या आवाजात सुटका होती आणि थोडा रागही. सुट्टीचा दिवस वाया गेल्याचा राग. त्यानं शर्टाची बटणं लावली आणि म्हणाला, "मग मी खोटं बोलतो काय?" मी हसण्यावारी नेलं.

वास्तविक मला माहीत होतं. चौदा वर्षं हे काम केलेल्या बाईला हे माहीत असतं की पट्टी काही सेकंदांची असते. त्या सेकंदांत धडधड झाली तर दिसते, नाही झाली तर नाही. यंत्रासमोर सगळे सज्जन होतात.

पुढच्या महिन्यात त्याच्याच कारखान्याचं शिबिर पहिल्यांदा आमच्याकडे आलं. घरातून निघताना तो म्हणाला, "तिथं मला ओळखू नको. पोरं महिनाभर चिडवतील." मलाही ते बरंच वाटलं. यादी आदल्या दिवशी आली होती, त्यात त्याचं नाव होतं. त्याचा फॉर्म लिहिताना माझा हात थांबला का? हा प्रश्न मी स्वतःला नंतर शंभरदा विचारला. नाही थांबला. झोप चांगली, धडधड नाही, चिंता नाही, आणि खालचा फॉर्म वर. कुठंतरी मनात असंही होतं की घरच्या माणसाचा कागद स्वच्छ असलेला बरा. दुसऱ्या दिवशी तो पडद्याआड आला, शर्ट काढून आडवा झाला. सगळ्यांना मी दादा म्हणत होते, त्याला काही म्हटलं नाही. पट्टी काढली. त्यानं उभ्या उभ्या सही केली आणि गेला. मागे अजून चाळीस जण होते.

पावसाळाभर त्याचं उडणं वाढत गेलं. आता ते रातपाळीच्या आठवड्यापुरतं राहिलं नव्हतं. रविवारी केळव्याला त्याच्या मित्राकडे जेवायला गेलो, नारळीच्या सावलीत बाजेवर जरा पाठ टेकली तोच हा ताडकन उठून बसला. हात मनगटावर. सगळे बघायला लागले. तेव्हापासून तो कुणाकडे जाईना. मला सांगायचं बंद केलं, पण जेवताना त्याची दोन बोटं गुपचूप मनगटावर जायची. घास तोंडात आणि बोटं नाडीवर. मला भीती वाटायची आणि भीती वाटली की माझी जीभ तिखट होते. "सारखं काय मोजत बसतोस? तू मोजतोस म्हणून वाढतंय," मी एकदा ओरडले. ते अर्धं खरं होतं. अर्धं खरं बोलून माणसाला गप्प करता येतं.

शेवटी त्याला मोटरसायकलवर मागे बसवून मीच पालघरला एका हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी रक्त तपासलं, थायरॉईड बघितलं, छातीवर सोनोग्राफी केली, चोवीस तास अंगावर बांधायचं यंत्र दिलं. तिसऱ्या दिवशी आम्हाला समोर बसवून सगळे कागद दाखवले. हृदय चांगलं होतं. अधूनमधून एखादा जादा ठोका पडत होता, तो धोक्याचा नव्हता. पण दिवसा झोपायला आडवा झाल्यावर, सगळं शांत व्हायला हवं त्या वेळी, त्याची नाडी चढत होती.

मी म्हटलं, "म्हणजे काही नाही ना?"

डॉक्टरांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "हृदयाला आजार नाही. पण यांना त्रास आहे. दोन्ही खरं असतं," ते म्हणाले. मग नवऱ्याकडे वळून त्यांनी सावकाश सांगितलं. झोप पुरी होत नाही तेव्हा शरीर सतत सावध राहतं, धोका जवळ असल्यासारखं. सावध शरीरात हृदय जोरानं चालतं. माणूस त्या धडधडीलाच घाबरतो, घाबरला की ती आणखी वाढते, आणि त्या भीतीनं पुन्हा झोप उडते. हे चक्र कुठून तरी तोडावं लागतं. चहा-तंबाखू कमी करा, पण मुख्य म्हणजे झोपेची वेळ एक करा. चक्कर येऊन पडलात, छातीत दुखलं, दम लागला तर थांबू नका, लगेच या.

मग त्यांनी साधाच प्रश्न विचारला. "आडवं पडल्यावर डोक्यात काय येतं?"

मला वाटलं, हा आमच्या मुलीच्या शिक्षणाचं सांगेल, नाहीतर घिवलीच्या वाडीचं. तो टेबलाकडे बघून म्हणाला, "काटा."

रिअ‍ॅक्टरच्या तापमानाचा काटा. दर पंधरा मिनिटांनी तो बघून लिहायचा असतो. ठरावीक आकड्याच्या वर गेला तर थंड पाणी सोडावं लागतं. उन्हाळ्यात एका रातपाळीला त्याचा उभ्या उभ्या डोळा लागला होता. किती वेळ ते त्यालाच माहीत नव्हतं. जाग आली तेव्हा काटा तांबड्या रेघेच्या पार गेला होता. धावत जाऊन त्यानं पाणी सोडलं. काटा उतरला. कुणालाच कळलं नाही. वहीत त्यानं आकडा नेहमीचाच लिहिला.

"तवापासून डोळे मिटले की तो काटा चढताना दिसतो," तो म्हणाला. "माझ्यासोबत तिथं सात माणसं होती."

मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते आणि हे मला पहिल्यांदा कळत होतं. उन्हाळा जाऊन दिवाळी जवळ आली होती. इतके महिने हा माणूस माझ्या घरात एकट्यानं ते सांभाळत होता आणि मी त्याचे चहा मोजत होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि मला का नाही सांगितलंस म्हणून त्याचा रागही आला. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? पट्टी काढली असती.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. सहा महिने रातपाळी नको, शक्य असल्यास दिवसाची कायम पाळी द्यावी. परत येताना हा मागे बसून गाणं गुणगुणत होता. किती दिवसांनी! मी आरशात बघितलं तर त्याचे दोन्ही हात मांड्यांवर होते, बोटं मनगटावर नव्हती. नुसतं कागदावर लिहून मिळालं तर माणूस अर्धा बरा होतो, हे त्या दिवशी मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो चिठ्ठी घेऊन कारखान्याच्या ऑफिसात गेला. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याला बसवलं, चिठ्ठी वाचली, मग कपाटातून त्याची फाइल काढली. फाइलमधून एक कागद काढून त्याच्यापुढे ठेवला.

तो घरी आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. त्यानं खिशातून घडी केलेली झेरॉक्स काढली, उलगडली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"अक्षर कुणाचं हाय?"

मी बघितलं. बघायची गरज नव्हती. झोप : चांगली. धडधड : नाही. चिंता : नाही. खाली त्याची सही.

"साहेब बोलला, शिबिरात तर तू ठणठणीत होतास, तूच सही केलीस. आता डॉक्टरची चिठ्ठी आणलीस. चिठ्ठ्या सगळेच आणतात. आणि खरंच तुला झोप येत नसेल, छातीत धडधडत असेल, तर तसं लिहून दे. मग तू प्लांटवर चालत नाहीस. दिवसाला पण नाही."

"तू सही करताना वाचलं नाहीस?" मी म्हटलं. मला अजून आठवतं, माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं.

"लायनीत कोण वाचतं?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "पण तुला तर म्हाइत होतं. तू विचारलं पण नाय."

मी उठून त्याच पावली लॅबमध्ये गेले. मालकांना सांगितलं की तो फॉर्म चुकीचा आहे, तसं कंपनीला कळवायला हवं. त्यांनी मला खुर्ची दिली, पंखा वाढवला. वाईट माणूस नाही तो. "काय कळवू?" त्यांनी विचारलं. "की आमचे फॉर्म आदल्या दिवशी घरी बसून भरलेले असतात? सगळ्या कंपन्यांचे? चौदा वर्षांचे? आणि ते कुणाच्या अक्षरात आहेत?" मी खुर्चीतून उठले. नोकरी जाईल ही भीती होती, ती भीतीच मोठी निघाली. हे मी कुणावर ढकलत नाही. मी घाबरले आणि गप्प बसले.

त्या आठवड्यात नवरा रातपाळीला गेला. त्याच्या पुढच्या फेरीलाही गेला. त्याच्या प्लांटवरच्या एकानं, उत्तरेकडचा माणूस, साहेबांना जाऊन खरंच लिहून दिलं होतं की रात को नींद नहीं, दिन में भी नींद नहीं, चक्कर आता है. त्याला आराम करा म्हणाले. त्यानं आराम केला, आणि परत आला तर गेटवर त्याचं कार्ड चाललं नाही. नवऱ्यानं हे मला एका वाक्यात सांगितलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. डॉक्टरांची चिठ्ठी देवाच्या फोटोमागे गेली.

मग माझं सुरू झालं. फॉर्मचा गठ्ठा घरी आणला की छातीत धडाधड, घशाशी ठोके, हात गार. झोपेतून दचकून उठायची आणि शेजारी हात लावून बघायची की हा श्वास घेतोय ना. हा नसायचा, कामावर असायचा, मग त्या रिकाम्या जागेवर हात ठेवून मला काटा दिसायचा. मी तर तो काटा कधी बघितलाही नव्हता. एकदा पेशंट नसताना मी लॅबच्या खाटेवर पडून माझ्याच हातांनी चिमटे लावले आणि स्वतःची पट्टी काढली. नॉर्मल. मी मोठ्यानं हसले. बाहेर बसलेल्या, रक्त काढणाऱ्या मुलीनं आत डोकावून बघितलं.

या वर्षी त्याच्या कारखान्याची यादी आली तेव्हा मी ठरवलं होतं. बाकीचे रकाने भरले, खालचे तीन कोरे ठेवले. नवऱ्याला सांगितलं, "उद्या मी सगळ्यांना विचारणार आहे. जे सांगाल ते लिहीन. खोटं एक अक्षर लिहिणार नाही." तो फ्लेक्सवरच्या हसऱ्या हृदयाकडे बघत पडला होता. "विचार," म्हणाला.

सकाळी कँटीनमध्ये पडदे बांधले. पहिल्या माणसाची पट्टी काढली, मग मी फॉर्म हातात घेऊन विचारलं, "दादा, झोप कशी लागते?" तो दचकला. मान उचलून पडद्याकडे बघितलं. "का? काय आलं काय पट्टीत?" "नाही हो, फॉर्मवर आहे प्रश्न." "चांगली लागते," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. धडधड? नाही. चिंता? नाही. दुसरा : चांगली, नाही, नाही. तिसरा हसून म्हणाला, "एकदम फर्स्ट क्लास, मॅडम, लिखो." मी लिहीत गेले. विचारून लिहिलं काय, न विचारता लिहिलं काय, रकान्यात तेच शब्द पडत होते. फरक एवढाच की आता एका माणसाला दुप्पट वेळ लागत होता.

रांग कँटीनच्या बाहेर उन्हात गेली. मालक दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेले. साडेअकराला कारखान्याचे अधिकारी स्वतः आले, तेच, फाइलवाले. पडदा बाजूला करून म्हणाले, "मॅडम, मागच्या वर्षी तुमचं काम किती फास्ट झालं होतं. आज काय झालं? प्लांटवर माणसं कमी पडतायत." मी म्हटलं, "प्रश्न विचारतेय." ते म्हणाले, "विचारा, विचारा. आम्हालाही कळू दे," आणि हाताची घडी घालून खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले.

पुढचा माणूस आत आला तो माझा नवरा होता.

तो रातपाळी संपवून थेट तपासणीला थांबला होता. डोळे लाल, दाढी वाढलेली. त्यानं अधिकाऱ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. शर्ट काढला, आडवा झाला. मी चिमटे लावले, फुगे लावले. त्याची छाती मला पाठ आहे, तरी एक फुगा मला दोनदा लावावा लागला. यंत्र सुरू केलं. पट्टी सरकायला लागली. पट्टी निघताना बोलायचं नसतं, मीच सगळ्यांना सांगते. पण अधिकारी बघत होते आणि फॉर्म माझ्या हातात होता.

"झोप लागते का तुम्हाला?" मी विचारलं. नवऱ्याला मी आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही म्हटलं.

यंत्रावरचा आकडा चढला. ब्याण्णव, एकशे चार, एकशे अठरा. ठोक्यामागे ठोका पडत होता. मधेच एक चुकला आणि नंतरचा मोठा उमटला, तोच, ज्याला मी वर्षभर पट्टीवर पकडू शकले नव्हते. तो छताकडे बघत होता.

"लागते, मॅडम," तो म्हणाला. "चांगली लागते."

"धडधड?"

"नाय."

"चिंता?"

"कसली चिंता? साहेब हायत ना."

अधिकारी हसले, त्याच्या पायावर थाप मारली आणि पडदा सोडून बाहेर गेले. पट्टी हातात घेऊन मी उभी होते. बोलल्यामुळं रेघ हलली होती. अशी पट्टी डॉक्टर वाचत नाहीत, परत काढायला लावतात. खाटेवरून त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. नुसती मान हलवली, नको म्हणून.

मी ती पट्टी चुरगाळून एप्रनच्या खिशात घातली. दुसरी काढली. या वेळी काही विचारलं नाही, तोही डोळे मिटून पडून राहिला. पट्टी साफ आली. मी फॉर्म टेबलावर ठेवला आणि त्याच्यासमोर तिन्ही रकाने भरले : चांगली, नाही, नाही. त्यानं या वर्षी एकेक ओळ वाचली, मग सही केली.

शर्ट घालून तो पडद्याबाहेर गेला. मी खाट पुसली.

"पुढे या, दादा."